शनिवारची कॉट

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीच्या पुढे काही लिहिलेलं नाही. आई तर सहीसुद्धा थांबत थांबत करते. मी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे, एवढ्याच भांडवलावर लिहायला बसलो आहे. विषयही असा, की सांगताना जरा ओशाळल्यासारखं होतं. लोकांनी फुकट दिलेल्या वस्तू, आणि त्यातली एक कॉट. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं आणि मनाला लागलं, तर त्यांनी मोठ्या मनानं घ्यावं. याहून बरं कसं सांगायचं ते मला कळलं नाही.

आम्ही नाशिक रोडला, रेल्वे लाइनीपलीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. लाइनीच्या अलीकडे एक जुनी कॉलनी आहे. तीन मजली इमारती, खाली पार्किंग, बाल्कनीत तुळशी आणि वाळत घातलेले टॉवेल. बहुतेक माणसं नोकरी करून निवृत्त झालेली. तिथल्या एका काकूंकडे आई पोळ्या करायला जाते. त्या कॉलनीचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. घरात नको झालेली वस्तू तिथं फोटो काढून टाकायची. ज्याला पाहिजे त्यानं खाली ‘हवं आहे’ असं लिहायचं. जो पहिला लिहील त्याची वस्तू. पैशाचा विषय नाही, न्यायची सोय आपली आपण बघायची. आणि जिला कुणीच विचारलं नाही, ती वस्तू जिन्याखाली मीटरच्या पेटीजवळ आणून ठेवायची. तिथलं काहीही कुणीही उचलावं, विचारायची गरज नाही. हा शेवटचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण कामवाल्या बायका, वॉचमन, भाजीवाले, सगळ्यांना तो ठाऊक आहे.

काकूंनी मला त्या ग्रुपात घेतलं. “तू शिकतोयस, तुला काही ना काही लागेल,” म्हणाल्या. मी बरेच दिवस नुसता बघत होतो. ‘हवं आहे’ हे दोन शब्द लिहायला मला खूप जड जायचं. हळूहळू सवय झाली. आज आमच्या घरातली निम्मी भांडी तिथली आहेत. स्टीलच्या पेल्यांवर कुणाच्या तरी लग्नाची तारीख आहे, परातीवर कुणाच्या तरी आईच्या स्मरणार्थ असं कोरलेलं आहे. पाहुणे आले की पाणी पिता पिता वाचतात आणि विचारतात, “हे कोण?” आई म्हणते, “असतील कोणी देवमाणसं.” पण फडताळात लावताना ती नावाची बाजू भिंतीकडे करते.

माझ्यासाठी त्या ग्रुपातून आलेली सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे लोखंडी टेबल. पाय किंचित गंजलेले, वर सनमायका, दोन खण. तोपर्यंत मी पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून लिहायचो. टेबल आलं तेव्हा वडिलांनी त्याच्यावर थाप मारून पाहिली आणि म्हणाले, “साहेब, आमचं काम आज करणार का उद्या?” आणि पिशवी घेऊन पाळीला गेले. ते तेव्हा पिंपळगावला एका पॅकहाउसमध्ये होते. द्राक्षाचे क्रेट गाडीत चढवायचं काम.

टेबल आल्यानंतरच्या आठवड्यातच ते पडले. क्रेटवर क्रेट रचलेले होते, वर उभे होते, पाय घसरला. मणक्याला मार बसला. ऑपरेशन झालं, घरी आले, पण कमरेखाली ताकद आली नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल. किती वेळ ते म्हणाले नाहीत आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

आजारी माणूस घरात असला की मोठी गोष्ट एकच असेल असं मला वाटायचं. पण रोजचं दुखणं वेगळंच निघालं. वडिलांना जेवताना बसता येईना. आडवं पडून घास घेतला की ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग ते “पुरे” म्हणून ताट सारायचे. आईनं लाकडी पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली दोन-दोन विटा लावल्या. डोकं उंच झालं, पण आता ते सगळेच्या सगळे खाली घसरायचे. मग आई मागून काखेत हात घालून त्यांना वर ओढायची. आई बारीक आहे. ओढताना तिच्या तोंडून एक आवाज निघतो. तो मी टेबलाशी बसून ऐकायचो. मी घरी असलो की मी ओढायचो, पण मी घरी असायचो किती?

डॉक्टरांनी सांगितलं, दवाखान्यातल्यासारखी हँडलची कॉट मिळाली तर बघा. डोक्याकडची बाजू वर होते, माणूस टेकून बसतो, जेवतो, पाठीलाही जखमा होत नाहीत. मी काकूंना विचारलं.

“आहे की आपल्या कॉलनीत,” काकू म्हणाल्या. “फिरती आहे ती. आधी पहिल्या मजल्यावर होती, मग मागच्या बिल्डिंगमध्ये. आता समोरच्या आजोबांकडे आहे.”

“मग ती…”

“मोकळी झाली की सांगते हं,” त्या म्हणाल्या आणि पोळ्यांचा डबा शोधायला लागल्या. डबा त्यांच्या समोरच होता.

घरी येऊन मी हे सांगितलं, तर आईनं सरळ विचारलं, “कधी होणार मोकळी?” वडील पडल्या पडल्या छताकडे बघत होते. ते म्हणाले, “काय विचारतेस त्याला? तो काय यमाच्या हापिसात कामाला आहे?” आई हसली नाही.

काही दिवसांनी काकूंनीच सुचवलं, की एकदा जाऊन माप तरी घेऊन ये. आमचं दार अरुंद आहे, कॉट आत जाते की नाही हे आधीच बघितलेलं बरं. मी शेजाऱ्यांकडून टेप घेतला आणि गेलो. दार आजोबांच्या सूनबाईंनी उघडलं. मी चपला काढून आत गेलो तर आजोबा झोपलेले दिसले, डोळे मिटलेले. मी हळूच वाकून टेप लावत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला.

“कोण रे? मापं घ्यायला आलास? कपड्याची का लाकडाची?”

माझ्या हातातून टेप सुटला आणि सरसर करत आत गेला.

“बाबा, काहीतरी काय बोलता!” सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

“अगं, पहिल्यांदा आलाय, घाबरलाय पोरगा. हसू दे की जरा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “काकूंनी सांगितलंय मला. तुझ्या वडिलांना पाहिजे ना? बरोबर आहे. माझ्यानंतर त्यांचा नंबर. मी आपला लवकर आटपायचं बघतो, पण हे डॉक्टर लोक आटपू देत नाहीत.”

“नाही, नाही, आजोबा, तसं नाही,” मी म्हणालो.

“ते हँडल दिसतंय का पायाशी? फिरव. उजवीकडे. आधी अडतं, मग सुटतं.”

मी हँडल फिरवलं. खरंच आधी अडलं. मग कॉटची डोक्याकडची बाजू हळूहळू उठायला लागली, आणि आजोबांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला. पांढऱ्या भुवया, दाढी वाढलेली, डोळे अगदी स्वच्छ.

“हां, आता दिसलास,” ते म्हणाले. “याच्यात तेल घालत जा. आमचा मुलगा घालत नाही. मी प्रेसमध्ये मशीनवर होतो, मला ते कुरकुरणं सहन होत नाही.”

त्यांनी माझं कॉलेज विचारलं, विषय विचारला, वडिलांचं वजन विचारलं. निघताना म्हणाले, “येत जा. वर-खाली करायला आमच्याकडे माणूस नाही.”

त्यानंतर मी तीन-चार वेळा गेलो. खरं सांगायचं तर मला तिथं बरं वाटायचं. मी पेपर वाचून दाखवायचो, ते मधेच थांबवून बातमीवर आपलं मत द्यायचे, बहुतेक वेळा शिवीसकट. पण एकदा जिना उतरताना खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, “कसे आहेत रे आजोबा?” आणि मी पटकन म्हणालो, “आहेत अजून.” त्यांना त्यात काही वाटलं नाही. मी मात्र खाली सायकलींच्या जवळ बराच वेळ उभा राहिलो. मला म्हणायचं होतं, बरे आहेत. तोंडातून निघालं ते हे. पुन्हा मला त्या घरी जाता आलं नाही. घरी आईचा तो आवाज ऐकू येत होता, तिकडे आजोबा हँडल फिरवणाऱ्याची वाट बघत असतील असं वाटत होतं, आणि दोन्हीकडे मला करता येण्यासारखं काही नव्हतं.

आजोबा गेल्याचं ग्रुपवरच कळलं. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मीही एक टाकलं. घरी कुणी कॉटचं नाव काढलं नाही. आईनं फक्त त्या संध्याकाळी दिवा लावताना त्यांच्यासाठी हात जोडले. तिनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग बाराव्या दिवशी दुपारी काकूंचा फोन आला. “अरे, त्या घरचे म्हणतायत कॉट आजच न्या. उद्या तेरावं आहे, बाहेरगावचे पाहुणे येतील. गेलेल्या माणसाची कॉट त्यांना आता घरात नको. ग्रुपवर टाकत नाही ते, तुझ्यासाठीच ठेवलीय.”

मी धावत घरी आलो. शेजारच्या भाजीवाल्याची हातगाडी रिकामी होती, ती मागितली. आई भाकरी टाकत होती. मी सांगितलं तसा तिचा चेहरा उजळला. मग एकदम थांबली.

“आज वार कोणता?”

“शनिवार.”

“मग आज नाही.”

“आई, त्यांना आजच द्यायचीय.”

“शनिवारी लोखंड घरात येणार नाही.”

मला अंधश्रद्धेवरच्या निबंधाला कॉलेजात प्रमाणपत्र मिळालेलं आहे. ते समोरच्याच भिंतीवर टांगलेलं होतं. मी म्हणालो, “आई, तू अजून हे मानतेस?”

तिनं तवा खाली उतरवला आणि माझ्या टेबलाकडे बोट केलं. “हे कुठल्या वारी आणलंस?”

मी आठवून पाहिलं. शनिवारी कॉलेज लवकर सुटतं. त्या दिवशीही लवकर सुटलं होतं.

“पुढच्याच आठवड्यात तुझे बाबा पडले,” ती म्हणाली. “मी कधी बोलले का? तू त्याच्यावर अभ्यास करतोस म्हणून नाही बोलले.”

आतून वडील म्हणाले, “अगं, ओल्या क्रेटवर पाय ठेवला म्हणून पडलो मी. टेबलावरून नाही पडलो.”

“तुम्ही गप्प बसा.”

“गप्पच पडलोय की.”

“उद्या आण,” आई मला म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. “उद्या मी स्वतः ओढत आणते. एका दिवसानं काय होतंय? आज नको. माझं ऐक.”

त्या निबंधात मी पुष्कळ मुद्दे लिहिले होते. त्यातला एकही मला तिच्यासमोर मांडता आला नाही. इतके महिने ती माझं टेबल रोज पुसत होती आणि पुसताना तिला काय वाटत होतं ते मला माहीत नव्हतं. मी हातगाडी परत केली. भाजीवाला म्हणाला, “उद्या सकाळी मार्केटचा माल उतरवला की घेऊन जा, अकरापर्यंत मोकळी होते.”

काकूंना फोन करून खरं कारण सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, “अगं बाई, हो रे, शनिवार आहे खरं. माझ्यापण लक्षात नाही आलं. तुझी आई चुकीची नाही.” मग त्यांनी त्या घरी बोलून मधला मार्ग काढला. त्यांना ती आज घरात नको होती, आम्हाला आज घरात चालत नव्हती, तर रात्रभर पार्किंगमध्ये राहू दे.

संध्याकाळी आम्ही तिघांनी ती खाली आणली. आजोबांचा मुलगा, वॉचमन आणि मी. जिन्याच्या वळणावर ती अडकली तेव्हा आजोबांचा मुलगा म्हणाला, “वर नेताना पण इथंच अडकली होती,” आणि तोंड फिरवलं. मी मुद्दाम ती मीटरच्या पेटीपासून लांब, अगदी टोकाला भिंतीशी लावली. गादी गुंडाळून दोरीनं बांधली. वॉचमन चांदवडकडचा आहे, वयानं वडिलांएवढा. तो म्हणाला, “उद्या माझी सुट्टी हाय, पर बदलीवाल्याला सांगून जातो. तू निवांत जा.”

त्यानं सांगितलं होतं. पुढं जे झालं त्यात कुणाचं चुकलं हे मी अनेकदा शोधायचा प्रयत्न केला, पण मला कुणी सापडलं नाही. रविवारी सकाळी तेराव्याच्या पाहुण्यांच्या गाड्या आल्या. गाड्या लावायला जागा पुरेना. पाहुण्यांपैकी कुणीतरी दोघांनी कॉट उचलून बाजूला केली. रिकामी जागा एकच होती, जिन्याखालची. बदलीवाला वॉचमन त्या वेळी गेटवर गाड्या आत घेत होता. परत आला तर कॉट मीटरच्या पेटीजवळ दिसली. त्याला वाटलं, त्या पोराचं काही जमलं नाही, आता ही सोडलेली वस्तू. आणि कुणीतरी त्याला विचारलं, हे घेऊन जाऊ का? तो म्हणाला, न्या.

मी हातगाडी घेऊन पोचलो तेव्हा वर जेवणाची पंगत बसत होती. जिन्याखाली एक मोडकी कपडे वाळवायची घोडी होती आणि फरशीवर चार पायांचे ओरखडे. आई माझ्याबरोबर आली होती. ती म्हणाल्याप्रमाणे ओढायला आली होती. ती त्या ओरखड्यांकडे बघत उभी राहिली. “वर असेल,” म्हणाली. “परत वर नेली असेल त्यांनी.”

कुणी नेली हे बदलीवाल्याला सांगता येईना. बाया-माणसं होती, चार-पाच, कामगार वाटत होती, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून त्याची नेमणूक दुसरीकडे झाली. काकूंनी ग्रुपवर टाकलं, मोठ्या अक्षरांत. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. आजोबांच्या सूनबाईंनी लिहिलं, आम्हाला वाटलं तुम्ही सकाळीच नेली. लोक खरंच चांगले आहेत. एकांनी दोन उशा दिल्या, एकांनी टेकायची लाकडी पाटी दिली, एकांनी कमोडची खुर्ची देऊ केली. उशा आम्ही घेतल्या. पाटी दोन दिवसांत सरकून पडली.

मी देवळाली गावाकडच्या आणि जेल रोडच्या भंगारवाल्यांकडे फिरलो. लोखंडाच्या ढिगात कॉटचे पाय दिसायचे, सळया दिसायच्या, एकदा तर तसलंच हँडल दिसलं. मी ते हातात घेऊन फिरवून बघितलं, अडतं का. दुकानदार म्हणाला, “भाऊ, लोखंड एकदा इथं आलं की त्याला आडनाव राहत नाही. तुझी होती का दुसऱ्याची, कसं सांगू?” घरी येऊन मी म्हणालो, भंगारात नाही दिसली. पण आईच्या मनात तेच बसलं होतं, की ती तोडली गेली, वितळली, आणि तिच्यामुळे. ती एकदाच बोलली. “आदल्या दिवशी आणली असती तर आज ते बसून जेवले असते.” मला वाटलं आता ती शनिवारचं मानायचं सोडेल. तसं झालं नाही. तिनं शनिवारचा उपास धरला. दिवसभर उपाशी राहून ती वडिलांना ओढायची, आणि मी सांगून पाहिलं की तुझ्या अंगात ताकद राहणार नाही, तर म्हणायची, “मला कळतंय रे. पण मग मी दुसरं काय करू?”



एका दुपारी वडिलांनी मला जवळ बोलावलं. “माझी सायकल टाक त्या ग्रुपवर.”

“कशाला? बरे झाल्यावर लागेल.”

“बरा झालो तर नवीन दे घेऊन, शिकलेला आहेस. उगाच गंजत पडलीय. आपण त्या लोकांचं नुसतं घेतोच.”

मी दोन दिवस टाळलं. मग फोटो काढला. काढण्याआधी पुसली. ग्रुपात लोक वस्तूचे फोटो पुसून का काढतात ते मला तेव्हा कळलं. पाच मिनिटांत खाली ‘हवं आहे’ आलं. काकूंचं होतं. त्यांनी मला फोन करून सांगितलं, “माझ्यासाठी नाही रे. आपल्या वॉचमनला. तो रोज चालत येतो बिचारा, तो काही ग्रुपात नाही.”

वॉचमन न्यायला आला, तो आधी दारातच उभा. आईनं आत बोलावलं, चहा दिला. त्याची नजर पलंगाखालच्या विटांवर गेली आणि मग तिथून हटेना.

“दादा,” तो वडिलांना म्हणाला, “माझ्या सुट्टीच्या दिवशी झालं ते. मी सांगून गेलो होतो.”

“तुमचं काय त्यात? चहा घ्या. आणि हे बघा, चेन उतरते, चढावर उभं राहून मारायची नाही. ब्रेक मागचाच धरायचा, पुढचा शोभेला हाय.”

“लय चांगली ठेवलीय.”

“ठेवली होती,” वडील म्हणाले.

वॉचमननं कप विसळून ठेवला. जाताना मला बाहेर घेऊन म्हणाला, “मी बघतो त्या बदलीवाल्याला गाठून. आता सायकल हाय मला.” मी मान हलवली. लोक असं म्हणतात आणि विसरतात, त्यात त्यांचा दोष नसतो.

पण तो विसरला नाही. सुट्टीच्या दिवशी तो बदलीवाल्याच्या नव्या जागेवर जाऊन आला. तिथं त्याला एवढं कळलं, की कॉट नेणारी माणसं शेजारच्या नव्या बिल्डिंगवर कामाला होती, सुरगाण्याकडची. ती साइट संपल्यावर मुकादमानं त्यांना दुसरीकडे हलवलं होतं. कुठं ते मुकादमालाच माहीत. मग तो मुकादमाला शोधत राहिला. हे सगळं तो मला गेटवर भेटला की थोडं थोडं सांगायचा. मी घरी सांगायचो. आईच्या अंगात पुन्हा थोडा जीव आला. “म्हणजे भंगारात नाही गेली,” ती म्हणाली. “सापडली तर जाऊन मागून आण. मी येते तुझ्याबरोबर. आपल्याला दिलेली होती ती, त्यात लाजायचं काय? सांगू त्यांना, चुकून आली तुमच्याकडे. गरीब माणसं आहेत, ऐकतील. त्यांना झोपायलाच पाहिजे असेल तर आपला पलंग देऊ बदली.” तिनं मनात सगळं ठरवून टाकलं होतं. वडिलांनी फक्त एकदा विचारलं, “त्यांनी कशाला नेली असेल पण?” आई पाणी आणायला उठली. मला वाटतं, आम्हा तिघांनाही तो प्रश्न नको होता.

मी लायब्ररीत होतो, परीक्षा जवळ आली होती. वॉचमनचा फोन आला. मी उठून बाहेर पायऱ्यांवर गेलो. त्याच्या मागं मिक्सरचा घरघर आवाज येत होता, काँक्रीटच्या.

“हां, ऐकू येतंय का? सापडली. आडगावच्या पुढं एक साइट हाय, तिथं आलोय मी सायकलवर. तीच कॉट. मोडलेली नाय काय नाय. हँडल बी हाय.”

“कुणाकडे आहे?”

“पत्र्याच्या खोलीत ठेवलीय. बाई हाय एक तिच्यावर. परांचीवरून पडली होती, आपल्या शेजारच्याच बिल्डिंगवर. कंबर गेलीय. म्हणून उचलली त्यांनी, कुणीतरी सोडलीय म्हणून. नवरा सकाळी कामावर जाताना हँडल फिरवून तिला बसवून जातो. मग ती बसल्या बसल्या पीठ मळते, भाकऱ्या थापते, सगळ्या मजुरांच्या. एक पोरगी खाली चुलीशी बसून भाजते. मला बी दिली तिनं एक. मी कॉटचं काय बोललो नाय अजून. नवऱ्याला इचारलं नुसतं, किती दिवस असं. तो म्हणला, डॉक्टर म्हणतात ही आता चालायची नाय.”